रशियन रायफल आणि जनरल रजिस्टर

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका. मी इतिहास शिकवणारा मास्तर. उभ्या आयुष्यात हातात खडू, डस्टर आणि फार तर लाकडी फूटपट्टी धरली. बंदुकीशी संबंध म्हणाल तर कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना 'थ्री-नॉट-थ्री'ने पाच गोळ्या झाडल्या, एवढाच. खांदा मात्र चार दिवस ठणकत होता! त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, लेकीकडे पेनसिल्व्हेनियात आलो असताना, एका रायफलीची ओळख पटवून तिची किंमत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्याचं असं झालं. लेकीच्या शेजारी एक बाई राहतात. वय ऐंशीच्या आसपास, एकट्याच. त्यांचे यजमान गेल्या हिवाळ्यात गेले. तरुणपणी ते व्हिएतनामच्या युद्धात होते, पुढे जन्मभर पोलादाच्या कारखान्यात नोकरी केली. त्यांच्या मागे तळघरात एक लांबलचक रायफल राहिली. ती घ्यायला एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "तुमच्या यजमानांनी ही व्हिएतनाममधून शत्रूकडून मिळवून आणली, असं एका कागदावर लिहून सही करून द्या, मी नऊशे डॉलर देतो. कागद नसेल तर मग बघू." बाईंना घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं, त्यामुळे नऊशे डॉलर ही काही सोडून देण्याची रक्कम नव्हती. पण सही करायला हात धजेना. रायफलीवर रशियन अक्षरं होती, ती कुणाला वाचता येईनात. आमच्या नातवाने बिनदिक्कत सांगून टाकलं, "माझ्या आजोबांना येतात!"

येतात म्हणजे काय, विशीत असताना सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरायची. गुळगुळीत कागदाची, कापडी बांधणीची पुस्तकं दोन-चार रुपयांत मिळत. त्या नादाने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी रशियन शिकलो होतो. भाषा केव्हाच पुसली गेली, मुळाक्षरं तेवढी राहिली. कधी कुठलं शिकलेलं कामी येईल, सांगता येत नाही.

लेकीने निघतानाच बजावलं, "बाबा, हात लावायचा नाही हं!" तिचं बरोबरच होतं. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने इथे बंदूक बाळगणं साधारणपणे कायद्यात बसत नाही. म्हणून जावयांनी आधी आत गोळी नाही ना याची खात्री केली, बाईंनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून रायफल ठेवली, आणि मी हात पाठीमागे बांधून, नातवाने धरलेल्या भिंगातून बघत राहिलो. परीक्षेत सुपरव्हिजन करतात तसा!

आधी ही रायफल म्हणजे काय ते सांगतो. तिचं नाव मोसिन-नागां. सर्गेई मोसिन हा रशियन सैन्यातला अधिकारी आणि लेओन नागां हा बेल्जियन बंदूक-कारखानदार, या दोघांच्या कल्पना एकत्र करून झारच्या रशियाने ती १८९१ मध्ये स्वीकारली. रशियन लोक तिला 'त्र्योखलिनेयका' म्हणतात, म्हणजे 'तीन रेघांची'. 'रेघ' हे त्यांचं जुनं माप, इंचाचा दहावा भाग. तीन रेघा म्हणजे नळीचा व्यास तीन-दशांश इंच, आजच्या मापात ७.६२ मिलिमीटर. पुढे सोव्हिएत राजवटीने १९३० मध्ये तिच्यात सुधारणा केल्या. नेम धरायच्या पट्टीवरची 'अर्शीन' ही जुनी मापं काढून मीटर आणले. (आम्ही नाही का, शेर-अदपाव पाठ करता करता एक दिवस किलो-ग्रॅमवर आलो!) ह्या सुधारलेल्या नमुन्याला '९१/३०' म्हणतात. लांबी सव्वा मीटरला थोडी कमी, वजन चार किलो, मॅगझीनमध्ये पाच काडतुसं. आमच्या थ्री-नॉट-थ्रीसारखंच हिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. त्यामुळे एकंदर ओळखीची वाटली.

नळी जिथे रायफलीच्या मधल्या भागात बसते तिथे वरच्या अंगाला सगळी जन्मकुंडली असते. भिंगातून आधी दिसला एक त्रिकोण आणि त्यात बाण. ही इझेव्स्कच्या कारखान्याची खूण. बाण असलेला तारा असता तर तुला. खाली साल होतं १९४२ आणि सालापुढे बारीक 'ग', म्हणजे 'गोद', वर्ष. त्याखाली दोन रशियन अक्षरं आणि पुढे नंबर. इझेव्स्क हे उराल पर्वताच्या अलीकडचं गाव. १९४१ च्या शरद ऋतूत जर्मन फौजा तुलापर्यंत येऊन भिडल्या तेव्हा तिथली यंत्रं पूर्वेकडे हलवावी लागली, आणि रायफलींचा मोठा भार इझेव्स्कवर पडला. त्या घाईची साक्ष पोलादावर आहे. शांततेच्या काळात बनलेल्या मोसिन गुळगुळीत असतात, हिच्यावर मात्र यंत्राच्या पात्याचे ओरखडे तसेच. पॉलिश करायला वेळ कुणाला होता? त्याच वर्षी स्टालिनग्राडची लढाई सुरू झाली. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही हे एका परिच्छेदात उरकत होतो.

आता मुख्य मुद्दा. जुन्या लष्करी रायफलीचा नंबर एकाच ठिकाणी नसतो. नळीवर असतो, बोल्टवर असतो, मॅगझीनच्या तळपट्टीवर असतो आणि दस्त्याच्या बुडाला जी लोखंडी पट्टी असते तिच्यावरही असतो. चारही नंबर मुळापासून एकच असतील तर संग्राहकांच्या लेखी ती 'अस्सल', आणि किंमत चढते. ह्या रायफलीवर चारही नंबर एकच होते. नातू ओरडला, "आजोबा, मॅच!"

पण भिंग जवळ नेल्यावर वेगळंच दिसलं. बुडाच्या पट्टीवर आधी दुसराच नंबर होता. त्यावर एक आडवी रेघ मारली होती आणि शेजारी नळीचा नंबर नव्याने ठोकला होता. तळपट्टीवरही तसंच, पण तिथला रेघ मारलेला नंबर आणखी तिसराच. बोल्टवर रेघ नव्हती, जुना आकडा घासून काढलेला होता आणि त्या किंचित खोलगट जागी वेगळ्या वळणाचे नवे आकडे. म्हणजे या एका रायफलीत निदान तीन रायफली होत्या, कदाचित चार.

मास्तरकी केलेल्यांना इथे जनरल रजिस्टर आठवल्याशिवाय राहणार नाही. शाळेत मुलाचं नाव, जन्मतारीख, जात एकदा रजिस्टरात चढली की तिथे खाडाखोड करायची नाही. ब्लेड लावायचं नाही, पांढरी शाई फासायची नाही. दुरुस्ती करायचीच झाली तर जुन्या नोंदीवर एक रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी नवी नोंद करून मुख्याध्यापकांनी सही करायची. आमचे पहिले मुख्याध्यापक म्हणत, "रेघ बोलते, ब्लेड लपवतं." रशियातल्या कुठल्याशा शस्त्रागारातल्या कारागिराने बुडाच्या पट्टीवर अगदी हेच केलं होतं. आणि बोल्टवर ब्लेड!

हे का केलं असेल? युद्ध संपल्यावर सोव्हिएत सरकारकडे रणांगणावरून आलेल्या, भिजलेल्या, मोडक्या रायफलींचे ढीग होते. (मोसिन-नागां सगळे नमुने मिळून साडेतीन कोटींहून अधिक बनल्या असं मानतात.) त्या शस्त्रागारात नेऊन सुट्या केल्या. चांगले भाग वेगळे काढले, तपासले आणि जे हाताला लागतील ते जोडून पुन्हा धडधाकट रायफली उभ्या केल्या. पोलादाला नवा काळा-निळा मुलामा, लाकडाला लाखेचं तांबूस चकचकीत पॉलिश, सगळ्या भागांना एकच नंबर. शेवटी घट्ट ग्रीस थापून लाकडी खोक्यात बंद. उद्या पुन्हा युद्ध झालं तर काढायच्या! या दुरुस्तीची खूण म्हणून चौकोन आणि त्यात एक तिरपी रेघ असा शिक्का अनेक रायफलींवर मारलेला असतो. हिच्या नळीजवळ तो होता, आणि दस्त्याच्या लाकडावरही होता.

म्हणजे याला बनावट म्हणायचं का? नातवाने हाच प्रश्न विचारला. मला तसं वाटत नाही. त्या कारागिराला ऐंशी वर्षांनंतरचा कुणी संग्राहक फसवायचा नव्हता. त्याला उद्याच्या शिपायाच्या हातात चालणारी रायफल द्यायची होती. नंबर त्याच्या लेखी हिशेबासाठी, इतिहासासाठी नव्हे. बनावट तिथे सुरू होते जिथे कुणी ती रेघ घासून टाकतो आणि 'मूळचीच जुळलेली आहे' म्हणून विकतो. वस्तू तीच असते, खोटं बोलतो तो सांगणारा.

मग आम्ही बाकीची तपासणी केली. मधल्या भागाच्या डाव्या अंगाला बुजवलेली दोन भोकं आहेत का ते आधी पाहिलं. कारण नेमबाजांसाठी दुर्बीण लावलेल्या काही रायफली दुरुस्तीत पुन्हा साध्या केल्या गेल्या. त्यांची भोकं बुजवून टाकली, पण ती ओळखता येतात, आणि अशा रायफलीची किंमत वेगळीच असते. इथे तसलं काही नव्हतं. चौकटीत 'एसए' अशी फिनलंडच्या सैन्याची खूणही नव्हती. फिनिश लोकांनी रशियनांकडून पुष्कळ मोसिन हस्तगत केल्या होत्या, त्यांना संग्राहक शोधत असतात.

नळीचं तोंड मात्र रुंद केलेलं होतं. ही एक मजेची गोष्ट. शिपाई नळी पुढच्या तोंडातून लोखंडी गज घालून साफ करायचे, त्यामुळे तोंडाशी आतले पीळ झिजायचे आणि नेम बिघडायचा. नवी नळी घालण्यापेक्षा कारागीर तोंडाचा थोडा भाग आतून मोठा करून टाकत. मग गोळीला शेवटचा पीळ लागतो तो थोडा आत, जिथे पोलाद धड आहे तिथे. काटकसरीचा हा उपाय मला फार आवडला. उसवलेल्या बाहीचा काठ आत दुमडून शिवावा तसा! संग्राहक मात्र यालाही थोडे पैसे कमी करतात.

रायफलीबरोबर एक छोटा पत्र्याचा डबा होता, दोन तोंडांचा. एका तोंडाजवळ 'श्च' हे अक्षर, दुसऱ्याजवळ 'न'. (हे 'न' रशियनमध्ये इंग्रजी 'एच'सारखं दिसतं, त्यामुळे सगळे फसतात.) 'श्च' म्हणजे 'श्चोलच', अल्कली. 'न' म्हणजे 'नेफ्त', तेल. जुन्या काडतुसांतल्या दारूच्या टोपीतून जळल्यावर क्षार उरतात, ते हवेतली ओल ओढतात आणि रात्रीतून नळीला गंज धरतो. म्हणून आधी अल्कलीच्या पाण्याने धुवायचं, मग तेल लावायचं. बाईंनी हा डबा शिवणयंत्राच्या तेलाचा समजून ठेवला होता.

सगळ्यात शेवटी नळीच्या टोकाजवळ, खालच्या बाजूला, नातवाला अगदी बारीक इंग्रजी अक्षरं सापडली. एका अमेरिकन आयातदार कंपनीचं नाव, गाव, राज्य आणि काडतुसाचं माप. आम्ही दोघे गप्प झालो. कारण आठवडाभर संध्याकाळी बसून आम्ही जे वाचलं होतं त्यात हे होतंच. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक कायद्याने आयात केलेल्या हत्यारावर आयातदाराची खूण सक्तीची झाली. त्याच कायद्याने जुन्या लष्करी हत्यारांची आयात जवळजवळ बंद केली होती, ती जुन्या, संग्राह्य हत्यारांपुरती १९८४ मध्ये पुन्हा खुली झाली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि रशिया-युक्रेनच्या गोदामांतली ग्रीस थापलेली खोकी इथे येऊ लागली. दोन हजार सालानंतरची काही वर्षं तर इथल्या दुकानांत ही रायफल शंभर डॉलरच्या आत मिळत असे. शिपायाने रणांगणावरून स्वतः आणलेल्या रायफलीवर आयातदार कंपनीचं नाव येणार कुठून?

म्हणजे त्या गृहस्थांना हवा असलेला कागद खोटा ठरत होता. आणि हे त्या बाईंना सांगायचं होतं, यजमान जाऊन वर्ष न झालेल्या बाईंना. शाळेत निकालाच्या दिवशी बापाला 'मुलगा नापास' म्हणून सांगणं मला कधी जड गेलं नाही, पण इथे घसा कोरडा पडला. मी जे दिसतं तेवढंच सांगितलं. इझेव्स्क, १९४२, युद्धानंतर दुरुस्त झालेली, नंबर नंतर जुळवलेले, आणि ही इंग्रजी अक्षरं. लेकीने भाषांतर केलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "टीचर, हे मला माहीत आहे. दुकानातून आणली तेव्हा मी गाडीत बसले होते." नातवंडं लहान असताना कुणीतरी विचारलं, आजोबा, ही व्हिएतनामची का? ते नुसते हसले. मुलांनी ते हो समजून घेतलं आणि गोष्ट घरभर झाली. "त्यांनी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही. तिथलं ते काहीच बोलत नसत. पण हिवाळ्यात रविवारी खाली बसून हिला तेल लावायचे. एकदाही झाडली नाही."

व्हिएतनाममध्ये समोरच्या बाजूच्या काही सैनिकांच्या हातात हीच रायफल होती. जिच्या गोळ्या चुकवून माणूस घरी आला, तीच त्याने चाळीस वर्षांनी पैसे देऊन का आणावी? बाईंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला तर्क करता आला असता, पण त्यांच्या टेबलाशी बसून तो करायचा मला काय अधिकार?

"मग हिची खरी किंमत किती?" बाईंनी विचारलं. मी कागदावर दोन रकाने आखले, सवय जात नाही. जमेच्या बाजूला: मूळ आकाराचा दस्ता, कुणी कापून शिकारी बंदूक केलेली नाही. लाखेचं पॉलिश शाबूत. संगीन, पट्टा, तेलाचा डबा सगळं आहे. आणि २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन बंदुकांच्या आयातीचे नवे परवाने देणं थांबवल्यापासून नवा पुरवठा आटला आहे. वजा बाजूला: युद्धकाळातलं सर्वांत जास्त संख्येने बनलेलं रूप, नंबर नंतरचे, तोंड रुंद केलेलं, आयातीची खूण. बेरीज साधारण तीनशे ते चारशे डॉलर. गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बोल्ट आणि काडतुसातलं अंतर मापून ती सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि आकडाही तेवढाच काढला. मला बोर्डाच्या परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं!

जाता जाता एक उपयोगाची सूचना. जुनं हत्यार विकायच्या आधी 'छान दिसावं' म्हणून घासूनपुसून, पॉलिश पेपर मारून ठेवू नका. खुणा गेल्या की किंमत गेली. आपल्याकडच्या देवघरातल्या पितळी मूर्ती चिंचेने घासून घासून नाक-डोळे नाहीसे करतात, तसंच ते.

मनात मात्र एक गोष्ट राहून गेली. या रायफलीला आपण 'जुनी' म्हणून तिचे रकाने आखत बसतो, पण २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने चढाई केली तेव्हा दोनेत्स्ककडच्या सक्तीने भरती केलेल्या पोरांच्या हातात हीच मोसिन दिल्याची छायाचित्रं जगाने पाहिली. गोदामातलं ग्रीस पुसून १८९१ चं हत्यार पुन्हा बाहेर. 'उद्या युद्ध झालं तर' म्हणून ज्याने ती नीट करून ठेवली, त्याचा तो उद्या उगवला म्हणायचा! त्यातल्या कुठल्या पोराचं नाव तिच्यावर राहणार नाही. तिच्यावर शिपायाचं नाव कधीच नसतं. नंबर असतो, आणि तोही बदलता येतो.

बाईंनी त्या गृहस्थांना फोन केला. कागद द्यायला तयार आहे म्हणाल्या. पण त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं की ही रायफल माझ्या यजमानांनी दुकानातून विकत घेतली, ते स्वतः व्हिएतनामला होते, आणि त्यांनी ती चांगली सांभाळली. गृहस्थ आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात परवानाधारक दुकानामार्फत एका निवृत्त पोस्टमनने ती साडेतीनशेला घेतली. छपराचं काम अर्धंच झालं, उरलेलं वसंतात करणार आहेत.

नातवंडांना खरं सांगणार का, हे मी विचारलं नाही. दोन तोंडांचा डबा मात्र त्यांनी विकला नाही. शिवणयंत्राजवळच आहे, आणि आता 'श्च' कुठलं आणि 'न' कुठलं ते त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात.